दहापैकी दहा

आमच्या व्हॅनवाल्याला आम्ही 'सावकाश' म्हणायचो. तोंडावर नाही, तोंडावर भाऊ. व्हॅनचं दार सरकवून तो प्रत्येकाचा हात धरायचा आणि माणूस पायरीवर असो, फुटपाथवर असो की आत नीट बसलेला असो, "सावकाश, सावकाश" म्हणत राहायचा. हे नाव बाईंनी ठेवलेलं. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. किडन्या त्यांच्याही माझ्यासारख्याच संपल्या होत्या, जीभ मात्र शाबूत होती.

आम्ही पाच जण होतो. आठवड्यातून तीनदा सकाळी तो आम्हाला घरून उचलायचा, डायलिसिसच्या केंद्रात पोचवायचा आणि दुपारी परत आणायचा. व्हॅन त्याची स्वतःची होती, कोरी घेतलेली. त्याआधी जन्मभर तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आला होता. त्यामुळे असेल, सीटवरचं प्लॅस्टिक त्याने काढलंच नव्हतं. गरमीत आमच्या मांड्या त्याला चिकटायच्या. बाईंची पाठ दुखते म्हणून त्यांच्या जागेवर त्याने जुन्या चादरीची एक उशी शिवून ठेवली होती. शिवण वेडीवाकडी होती, म्हणजे बायकोने शिवलेली नसणार.

त्या व्हॅनला एकच खोड होती. केंद्राच्या अलीकडे एक मोठा चढ आहे. गाडी भरलेली असली आणि इंजिन चांगलं तापलेलं असलं की त्या चढावर तिचा जीव जायचा. आधी दोन आचके, मग गप्प. जरा वेळ थंड होऊ दिली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

"आमच्या ह्यांची हीच तऱ्हा होती," बाई म्हणायच्या. "चढ आला की गप्प."

आम्ही हसायचो, पण ते हसणं फार वेळ टिकायचं नाही. केंद्रात मशीन थोडी आणि माणसं जास्त. तुम्ही उशिरा आलात की तेवढा वेळ तुमच्या मशीनमधून कापला जातो, कारण तुमच्या मागचा माणूस दारात येऊन बसलेला असतो. मग न निघालेलं पाणी अंगातच राहतं. घोटे सुजतात, आडवं झालं की दम लागतो. हे दुसऱ्याला सांगून समजत नाही.

केंद्रातल्या मोठ्या सिस्टरने सावकाशला आमच्यादेखत सांगितलं होतं, "आणखी एकदा उशीर झाला ना, की मी दुसरा गाडीवाला बघणार. माझं तुमच्याशी भांडण नाही. पण ही माणसं आहेत, गोण्या नाहीत." केंद्राचं काम गेलं तर त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. व्हॅन त्याने ह्याच कामाच्या भरवशावर घेतली होती.

गाडी वॉरंटीत होती, म्हणून तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचा. एकदा मला घेऊन गेला. तिथे गाडीच्या मालकाला आत जायला बंदी आहे. काचेच्या अलीकडे गारेगार खोली, सोफे, कॉफीचं मशीन, टाकीतले मासे. काचेच्या पलीकडे आपली गाडी वर टांगलेली. मालक लोक काचेला नाक लावून उभे असतात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे.

सावकाशचा तिथला माणूस ठरलेला होता. त्याला आम्ही टायवाला म्हणायचो. तरुण, गोड बोलणारा, अंगाला अत्तराचा वास, आणि टाय कायम चार बोटं आखूड.

"काका, कॉम्प्युटर लावून बघितला. काहीच दाखवत नाही."

"पण बंद पडते ना साहेब. भरली की पडते."

"आम्ही ट्रायल घेतली. लोण्यासारखी चालते."

"रिकामी घेतलीत, आणि थंड असताना. एकदा माणसं भरून बघा. हे आजोबा बसतील. बाकीच्यांनाही मी घेऊन येतो."

टायवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाज खाली आणला. फार खाली नाही आणला. "पेशंट भरून ट्रायल? काका, त्यातलं एखादं वाटेत गेलं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

सावकाशने मान खाली घातली. मी मासे बघत राहिलो.

गाडी परत देताना मात्र धुऊन पुसून लख्ख करून देतात. चावी हातात ठेवता ठेवता टायवाला म्हणाला, "काका, उद्या हेड ऑफिसातून फोन येईल. सर्व्हिस कशी वाटली विचारतील. दहापैकी दहा म्हणा हं. नऊ दिले तरी आमच्याकडे नापास धरतात. घरी तान्ही मुलगी आहे हो माझी."

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा आम्ही सगळे व्हॅनमध्ये होतो. त्याने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

"दहा," तो म्हणाला. "हो हो, एकदम समाधान. फार चांगली माणसं आहेत तुमची."

"अहो, दहा कशाचे?" बाई मागून ओरडल्या. "परवा चढावर लटकवलंत ना आम्हाला?"

फोन ठेवून तो कानकोंडा होऊन म्हणाला, "जाऊ द्या हो बाई. कोणाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

"मी उभ्या आयुष्यात एकाही पोराला दहापैकी दहा दिले नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि हा माणूस वाटत सुटलाय."

असं एकदा नाही, दर खेपेला झालं. गाडी चढावर बसायची, हा सेंटरला जायचा, तिथे कॉम्प्युटर मौन पाळायचा, गाडी धुऊन मिळायची आणि दुसऱ्या दिवशी हा दहा द्यायचा. बाई ओरडायच्या, आम्ही हसायचो. नाटकाचे प्रयोग लागावेत तसं चाललं होतं.

वॉरंटी संपत आली तेव्हा मात्र त्याने हाय खाल्ली. त्याची बायकोच त्याला ओढत मॅनेजरकडे घेऊन गेली. साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. खरं तर बाईंना न्यायला हवं होतं. चार लोकांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. पण त्या दिवशी बाईंना उठवत नव्हतं.

सावकाशने मॅनेजरला सगळं सांगितलं. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. केंद्र कुठे आहे, चढ कुठे लागतो, आम्ही कोण, कोणाला कुठून उचलतो, उशीर झाला की आमचं काय होतं, मोठ्या सिस्टरने काय दम दिलाय. टायवाला फाइल छातीशी धरून दारात उभा होता आणि कान देऊन ऐकत होता.

मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं. मग कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला आणि एक बटण दाबलं.

खोलीत सावकाशचा आवाज घुमला. "दहा. हो हो, एकदम समाधान. फार चांगली माणसं आहेत तुमची." मागे बाईंची आरोळीही होती, पण ती विहिरीतून आल्यासारखी. मॅनेजरने दुसऱ्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं, मग तिसऱ्याचं. दर वेळी तोच गोड आवाज, तेच दहा. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकताना माणूस किती उघडा पडतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. सावकाश बघत होता कॉम्प्युटरकडे, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"आता सांगा," मॅनेजर म्हणाला. "मी कंपनीला काय लिहू? ग्राहक खोटं बोलत होता असं लिहू?"

"ते ह्यांनी सांगितलं म्हणून," सावकाशने टायवाल्याकडे बोट केलं. "साहेब, तुम्हीच सांगा. मी दर वेळी तुम्हाला सांगत होतो की नाही, चढावर बंद पडते?"

टायवाल्याने टाय सारखा केला. "सर, काकांनी माझ्याकडे तशी तक्रार कधीच केली नाही. नेहमी खूश असतात."

मी तोंड उघडलं. "मी होतो तिथे," असं काहीतरी मी म्हणालो. मॅनेजर म्हणाला, "आजोबा, पाणी देऊ का तुम्हाला?"

मग सावकाशची बायको हसायला लागली. खदाखदा नाही, हळूहळू, थांबत थांबत. "लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या स्वयंपाकाला छान म्हणतोय," ती मॅनेजरला म्हणाली. "मी कपडे घातले की छान, माझी आई आली की छान. मला वाटायचं, देवमाणूस मिळाला. आज कळलं, ह्याच्या छानची किंमत काय ते." आणि नवऱ्याकडे न बघता उठली. "चला. समाधान झालं ना एकदम?"

पुढच्याच फेरीत गाडी चढावर बसली.

ऊन कडक होतं. बाईंचे पाय चपलेत मावत नव्हते, त्यांनी ते समोरच्या सीटवर ठेवले होते. सावकाश बॉनेट उघडून उभा होता. तेवढ्यात फोन वाजला. हेड ऑफिस.

"मागच्या भेटीला किती गुण द्याल?" त्या मुलीचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"शून्य," सावकाश म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "शून्य."

"सर, एकपासून सुरुवात आहे."

"मग एक."

"कारण सांगाल का, सर?"

तो सांगायला लागला. चढ, माणसं, मशीन. मधेच ती म्हणाली, "तुमचं मत नोंदवलं आहे, धन्यवाद," आणि फोन बंद झाला. तो आणखी थोडा वेळ बोलत राहिला.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "एकदाचे शिकलात."

सावकाश हसला नाही. "त्याची मुलगी तान्ही आहे हो," एवढंच म्हणाला.

केंद्रात पोचलो तेव्हा बाईंच्या मशीनवर दुसरीच बाई झोपली होती. त्यांना मिळाला तो उरलासुरला वेळ. त्यानंतर चार दिवस त्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये होत्या. मोठ्या सिस्टरने शब्द पाळला. सावकाशचं काम गेलं.

बाकीचं थोडक्यात सांगतो, मला लांबवता येत नाही. एक गुण मिळाला म्हणून टायवाल्याची नोकरी गेली. सेंटरमधली सगळी पोरं सावकाशला ओळखायला लागली. हाच तो, ज्याने आमच्या माणसाला खाल्लं. गाडी नेली की कोपऱ्यात धूळ खात पडायची. आणि वॉरंटी संपली त्याच्या पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरने मौन सोडलं. पेट्रोल चढवणारा पंप खराब होता, म्हणे पहिल्यापासूनच असेल. बदलायचा तर आता स्वखर्चाने. सावकाशकडे खर्च करायला काही राहिलं नव्हतं. त्याने व्हॅन मिळेल त्या भावात काढून टाकली, प्लॅस्टिकसकट.

आमच्यासाठी नवी व्हॅन आली. पहिल्या सकाळी दार सरकलं आणि आतून अत्तराचा वास आला. टाय नव्हता, म्हणून ओळखायला मला वेळ लागला.

"आजोबा, बसा. तुमचं घर शोधायला काही त्रास झाला नाही," तो म्हणाला. कसा होईल? सगळा पत्ता सावकाशनेच मॅनेजरच्या खोलीत त्याच्यासमोर सांगितला होता. गाडी त्याच्या सासऱ्यांची होती. ती चढावर एकदाही थांबली नाही.

केंद्राच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन निळ्या गणवेशात सावकाश उभा होता. केंद्रानेच त्याला हे काम दिलं होतं, महिनाभर बघू म्हणून. त्याने दार सरकवलं आणि दोघं समोरासमोर आले.

"कसे आहात काका?" टायवाल्याने विचारलं.

"छान," सावकाश म्हणाला.

त्याने बाईंना हात दिला. खुर्चीत ती वेड्यावाकड्या शिवणीची उशी ठेवलेली होती. गाडी विकताना तेवढी त्याने काढून घेतली असावी. "सावकाश, बाई. पाय आत घ्या."

महिनाअखेरीला मोठी सिस्टर हातात पेन घेऊन दारात आली. केंद्रातही आता विचारायची पद्धत सुरू झाली होती. टायवाल्याने आम्हाला वाटेतच सांगून ठेवलं होतं: दहा म्हणा हं, नऊ म्हटलं तरी नापास धरतात.

"गाडी कशी आहे बाई? दहापैकी किती?"

"दहा," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. "परवा यायचंय मला," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

"आणि हा खुर्चीवाला?"

सावकाश खुर्चीमागेच उभा होता. त्याने काहीच सांगून ठेवलं नव्हतं. बाईंनी शाळेत पेपर तपासताना करत असतील तसा चेहरा केला. मान जरा मागे वळवून त्याच्याकडे, मग चाकाकडे बघितलं.

"सात," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला आहे, पण चाक करकरतं."

सिस्टरने लिहून घेतलं. सावकाशने खुर्ची आत ढकलली. चाक खरंच करकरत होतं.

"सात म्हणजे माझ्या शाळेत पहिला वर्ग होता," शेजारच्या मशीनवर सुई टोचून घेताना बाई मला म्हणाल्या. त्या खूश होत्या. त्याचं काहीतरी भलं केलं असंच त्यांना वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात दारात दुसराच माणूस होता. खुर्चीत उशी नव्हती. त्याने बाईंना बसवलं, पाय स्वतःच उचलून आत ठेवले आणि खाली वाकून गोड आवाजात म्हणाला, "आजी, सिस्टर विचारतील. दहा सांगा हं."