व्हय म्हणजे हो नव्हे

धोंडूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं मस्कतला इस्त्री करत होते. तीन आठवडे झाले. पलीकडून माझी मुलगी रडत सांगतेय, "आई, आपलं भाऊ गेलं गं," आणि दारातून मॅडम विचारताहेत, "और दो साल रुकोगी ना?" मी म्हटलं, "जी..." म्हणजे ऐकतेय, एवढंच. मॅडमनी तो होकार धरला.

भाऊंचंही असंच झालं होतं. ते आमच्या कुरवंडे गावचे. वलवणला एका बंगल्याची राखण करायचे. मालकांचं घड्याळ हरवलं. त्यांनी विचारलं, "धोंडू, तूच घेतलंस ना?" भाऊ म्हणाले, "व्हय साहेब." आमच्याकडं मोठं माणूस बोलायला लागलं की आधी व्हय म्हणतात. बोला, ऐकतोय, असं. पुढं "कंचं घड्याळ?" हे त्यांना कुणी विचारूच दिलं नाही. मालकांनी तेच व्हय कोर्टात सांगितलं. दोन वर्षं आत काढल्यावर वरच्या कोर्टानं निर्दोष सोडलं.

मग ते मळवलीच्या बंगल्यात माळी म्हणून आले. तिथं मी स्वयंपाकाला होते. दार सताड उघडं असलं तरी भाऊ तुरुंगातल्या सवयीनं बाहेर थांबायचे. "या की भाऊ, उघडंच हाय." "तू म्हनलीस, आता आलो." एकदा पाहुण्यांनी जुना सिनेमा लावला, बिनगुन्ह्याच्या कैद्याचा. शेवटी तो सुटला तशा टाळ्या पडल्या. भाऊ दाराबाहेरूनच बघत होते. नंतर मला म्हणाले, "समदं बरूबर दावलंय. पर भायेर आल्याव त्यो दारापाशी थांबत कसा न्हाई गं?"

मी सातवीत शाळा सोडलेली, भित्री. हो कायम जिभेवर तयार. मस्कतला निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊ स्वयंपाकघरात पालथ्या बादलीवर बसले. "मी तुजी मॅडम. बोल, बांगडी तू घेतलीस?"

"व्हय?"

"गेलीस आत!" टाळी वाजवून हसले. "पुन्यांदा." दहा वेळा घोकून घेतलं. "न्हाई म्हनायची बी सवय लावावी लागती, पोरी."

पहिल्याच वर्षी इथं मॅडमची अंगठी हरवली, तू घेतलीस का म्हणून त्यांनी विचारलं आणि तोंडातून चटकन निघालं, "नहीं मॅडम." अंगठी वॉशिंग मशीनमध्ये सापडली. तेव्हापासून मॅडम मला घरच्यासारखं वागवतात, आजारपणात त्यांनीच केलं माझं. हीच तर अडचण... वाईट माणसाला नाही म्हणता येतं. उपकार करणाऱ्याला कसं म्हणायचं? पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे. मुलगी यंदा दहावीला. मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली तर ती कॉलेजात गेल्यावरच तिला बघणार.

आज सकाळी मॅडमनी सहीला बोलावलं. खोलीचं दार उघडंच होतं, तरी मी उंबऱ्याबाहेर उभी. "आओ ना." मग आत गेले. कागद समोर आला.

"नहीं मॅडम," मी म्हटलं. इतकं हळू, की त्यांना ऐकूच गेलं नाही.

"क्या कहा?"

मला ती पालथी बादली आठवली, आणि तिच्यावर बसलेले भाऊ... पुन्यांदा.