सुखदेवभाऊंचे टाको आणि मी न घेतलेलं नाव

सुखदेवभाऊंशी माझी पहिली ओळख गिऱ्हाईक म्हणून झाली. माजरीहून आम्ही नवरा-बायको चंद्रपूरला दवाखान्यात आलो होतो. भूक लागली म्हणून समोरच्या त्यांच्या टाकोच्या दुकानात शिरलो. मक्याची तळहाताएवढी मऊ पोळी, त्यात तंतू सुटेपर्यंत शिजवलेलं चिकन, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. मी तीन टाको खाल्ले आणि वर कुस्करलेल्या राजम्याचं तोर्ता, म्हणजे मेक्सिकोतलं सँडविच, तेही संपवलं.

"भाऊ, हे मले शिकवान काय?" मी विचारलं.

"शिकवतो न बाई. पण आधी मका चुन्यात शिजवाले शिका लागन."

भाऊ मूळचे चामोर्शीचे. ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. जहाज दुरुस्तीसाठी मेक्सिकोच्या बंदरात अडकलं, तेव्हा धक्क्याजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे भांडी घासत ते ही कला शिकले. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर आजही आधी त्या बाईंचं नाव आहे, मग टाकोचं.

मी सहा वर्षं त्यांच्या दुकानात काम करत शिकले; सासूबाईंना मात्र चंद्रपूरला कामाला जाते एवढंच सांगितलं होतं. माझी मुलगी तापाने दवाखान्यात होती, तेव्हा भाऊंच्या पत्नी वैशालीताई रोज डबा घेऊन येत. भाऊंचं घर बौद्ध, आणि माझ्या सासरी बौद्धांच्या घरचं पाणीही घेत नसत. तो डबा खानावळीतला आहे, असं मी सासूबाईंना सांगितलं. हे लिहिताना मान खाली जाते.

पण त्याहून वाईट पुढे घडलं. चंद्रपूरच्या पाककला स्पर्धेत माझ्या टाकोंना पहिलं बक्षीस मिळालं. निवेदिकेने विचारलं, "कोणाकडून शिकलात?" पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. चौथ्या रांगेत भाऊ आणि वैशालीताई.

"मोबाइलवर पाहून, स्वतःच," मी म्हणाले.

भाऊ सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काल पोळी जराशी फाटत होती. पीठ अजून मळाले पाहिजे होतं."

माफी मागायला मला वर्ष लागलं. भाऊंनी ऐकून घेतलं.

"मले समजलं होतं. सासू समोर होती तुमची. पण वैशालीच्या मनाले लागलं. तिले सांगा."

मी आत जाऊन वैशालीताईंचीही माफी मागितली. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नवीन लुगडं नेसून आली होती," त्या म्हणाल्या. "यांचं नाव माईकवर ऐकाले."

तरी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा.

भाऊंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात म्हणून लिहून ठेवते: मला जे येतं ते सुखदेवभाऊंनी शिकवलं, आणि माझ्या लेकीच्या आजारपणात आम्ही वैशालीताईंच्या हातचं जेवलो. सासूबाईंना वाचता येत नाही. ग्रंथ हाती आला की हा लेख मी त्यांना घरी मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्या उठून गेल्या तरी शेवटपर्यंत वाचणार आहे.

भाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आणि नजर शाबूत राहोत, आणि वैशालीताईंची सोबत त्यांना शेवटपर्यंत असो. माझ्या हातून झालेला अपमान विसरावा असं मी मागत नाही. त्याची भरपाई करायला मला वेळ मिळावा, एवढं त्यांनी जगावं.