चौतीस पावलांवरचा खड्डा

हद्द कुठं लागते हे कळायला गिस्लें देतिएला पाटी बघावी लागत नसे. बेल्जियमच्या उत्तरेकडच्या फ्लेमिश लोकांचा रस्ता गुळगुळीत. आपल्या, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनीत शिरलं की काँक्रीटचे सांधे चाकाखाली धाडधाड वाजू लागत. अठ्ठावीस वर्षं तो याच महामार्गाची डागडुजी करत होता.

खड्डा हद्दीपासून चौतीस पावलांवर, वालोनीच्या बाजूला होता. गिस्लेंनं तो अकरा वेळा बुजवला. पोत्यातलं थंड डांबर दोन दिवसांत ट्रकच्या चाकांबरोबर निघून जाई. गरम डांबराचा कारखाना हिवाळ्यात बंद. साहेब म्हणाले, "थंडी सरली की बघू. तोवर इशाऱ्याची पाटी लाव."

गाड्या पलीकडून येत, म्हणून पाटी खड्ड्याच्या दोनशे मीटर आधी हवी. म्हणजे फ्लेमिश हद्दीत.

त्यानं फ्रेंचमधली पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पलीकडचा मुकादम योरिस ती व्हॅनमधून परत घेऊन आला.

"घे. पुसूनही आणलीय. आमच्याकडं तुमची भाषा चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"मग तुमच्या भाषेतली लाव."

"लावतो. पण कागदावर खड्डा कुठं दाखवू? आमच्याकडं खड्डाच नाही."

"मिरव लेका, मिरव!"

योरिस हसला. गिस्लेंला हसू आलं नाही.

मग त्यानं बिनशब्दांचा त्रिकोण लावला. तोही परत आला. परवाना नव्हता.

मंगळवारी एक मोटारसायकलवाला त्या खड्ड्यात गेला. जीव वाचला, कंबर मोडली. रस्त्यावरच्या काचा गिस्लेंनंच झाडल्या. त्याची मुलगी ओरियान पलीकडच्या, फ्लेमिश हद्दीतल्या लूवनच्या इस्पितळात नर्स होती. रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून याच रस्त्यानं घरी यायची.

"गावातल्या रस्त्यानं येत जा ग."

"चाळीस मिनिटं जास्त लागतात, बाबा. आणि तुझा खड्डा मला पाठ आहे."

"पाणी भरलं की मलासुद्धा दिसत नाही तो!"

"सूप गार होतंय. जेव."

गुरुवारी दिवसभर पाऊस पडला. पाचच्या सुमाराला गिस्लें नारिंगी कोट घालून हद्द ओलांडून गेला. खड्ड्यापासून दोनशे मीटर मोजले. रस्त्याच्या कडेला उभा राहून लाल झेंडा हलवू लागला.

योरिसची व्हॅन थांबली.

"वेडा झालास का? मरशील!"

"पाटी काढलीस. आता मला काढ."

"उतारवयात तमाशा करू नकोस, गिस्लें. बस गाडीत."

"पोर गेली की बसतो."

तेवढ्यात ट्रकच्या मागून एकच दिवा आला. ओरियान. तिनं बापाला पाहिलं. पुढं जातानाही तिचं डोकं मागंच वळलेलं. तिच्या गाडीचा मागचा लाल दिवा एकदम खाली गेला, उसळला, तिरका झाला. मागच्या गाडीनं करकचून ब्रेक मारले.

गिस्लें धावला. झेंडा कुठं पडला ते त्याला कळलं नाही.

ती पडली नव्हती. कडेला गाडीवर वाकून बसली होती. हेल्मेटची काच वर केली, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुझ्याकडं बघत होते मी," ती म्हणाली. "मला वाटलं, तुलाच काही झालंय. खड्डा... बघितलाच नाही."

त्यानं हात पुढं केला.

"चावी दे."

"उद्या सकाळी सहाची ड्यूटी आहे, बाबा."

"दे."

तिनं चावी दिली नाही. पावसात तो तसाच उभा राहिला, पंजा पसरून. त्यांच्या शेजारून एकामागून एक गाड्या त्या खड्ड्यात आपटत गेल्या.