राखाडी की निळी

गाड्या बघण्याचा तो तिसरा रविवार. जुन्या गाड्यांच्या दुकानाच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर ताई बसली होती. समोर तिचा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ तावातावानं भांडत होते, जणू गाडी चालवायची होती ती त्या दोघांनाच.

"राखाडीच घ्यायची," नवरा म्हणत होता. "बघ तरी! आरशासारखी चकाकतेय. एका वकिलाची होती. नुसती झाकून ठेवलेली."

"झाकून ठेवलेली, तेच तर दुखणं आहे भावोजी," भाऊ म्हणाला. तो मेकॅनिक होता आणि बोलताना हात पुसायची त्याला सवय होती, हात स्वच्छ असले तरी. "या गाडीला दोन जीव आहेत. एक पेट्रोलचं इंजिन आणि एक बॅटरीवरची मोटर. बसून राहिलं की बॅटरीला ते मानवत नाही. निळी बघा. हॉटेलची गाडी, पाहुण्यांना आणून सोडून भरपूर पळलीय. पण बॅटरी नवी टाकलीय, आणि सर्व्हिसिंग वेळच्या वेळी."

"म्हणजे पार दमलेली गाडी!"

यावर भाऊ काही बोलणार, इतक्यात दुकानदार मध्ये पडला. तो दोन्ही गाड्यांच्या बॉनेटवरून आळीपाळीनं असा हात फिरवत होता, जणू दोन मुलींपैकी कुठलीही उजवली तरी आपलं काम झालं. "साहेब, दोन्ही लक्झरी. दोन्ही हायब्रिड. डोळे मिटून कुठलीही न्या."

डोळे मिटायचंच ताईच्या मनात होतं. त्या खुर्चीवर, तिथल्या तिथं. तिनं आपली पाठ जरा सरळ केली आणि पुन्हा सैल सोडली.

तिला सगळे ताईच म्हणत. भाऊ म्हणायचा म्हणून नवऱ्याचे मित्र म्हणू लागले, मग शेजारी, मग हॉस्पिटलातले वॉर्डबॉय आणि नर्सा. आता तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही तिला ताई म्हणून हाक मारत. नवरा छापखान्यात कागदाचं गोदाम सांभाळायचा. छापखाना बंद पडला तेव्हा तो घरात बसला, आणि ताई गाडी शिकली. पहिल्या महिन्यात तिनं दोन आरसे फोडले आणि एका खांबाला पोक आणलं. त्यानंतर मात्र तिच्या गाडीला ओरखडाही गेला नाही. आधी ती शाळेची मुलं ने-आण करायची. मुलं गोंगाट फार करतात म्हणून तिनं पेशंट धरले. डायलिसिस करून बाहेर पडलेलं माणूस म्हणजे पिळून दोरीवर टाकलेलं फडकं. त्याला बसमध्ये उभं राहवत नाही, रिक्षाचे हिसके सोसत नाहीत. ताई त्यांना जिन्याखालून उचलायची, हॉस्पिटलच्या दारात सोडायची आणि दुपारी परत घरी आणायची. रविवार सोडून रोज.

तिची जुनी गाडी डिझेलची होती. ती सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठून बाजूला व्हायची. पण नगरपालिकेनं हॉस्पिटलच्या परिसरात डिझेलच्या गाड्यांना मनाई केली, आणि ताईपुढे प्रश्न उभा राहिला. मोठी, मऊ, पेट्रोल-बॅटरीवर चालणारी गाडी घ्यायची ही भावाची कल्पना. "असल्या गाड्या जुन्या झाल्या की भाव धाडकन पडतो," त्यानं समजावलं होतं. "श्रीमंतांना जुनं नको असतं, आणि बाकीच्यांना बॅटरीची धास्ती. मधल्या मध्ये आपलं फावतं."

त्या रविवारी दोघांचं भांडण मिटायची चिन्हं दिसेनात तेव्हा ताई उठली.

"एक एक दिवस चालवून बघते," ती दुकानदाराला म्हणाली. "पेशंट घेऊन. माझी गाडी तुमच्याकडे ठेवा. उद्या राखाडी चालवते, परवा परत आणते. बुधवारी निळी."

दुकानदारानं तोंड वाकडं केलं. मग त्यानं ताईच्या जुन्या गाडीकडे पाहिलं, मग ताईच्या तोंडाकडे. काय दिसलं त्याला कोण जाणे, त्यानं किल्ली काढून दिली.

सोमवारी सकाळी ताई मावशींच्या दारात उभी राहिली. मावशी तिच्या सगळ्यात जुन्या पेशंट. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचं डायलिसिस. सबंध नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली. कानावर हेडफोन चढवून केस एका बाजूला बसले ते कायमचेच. लग्न केलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि कठडा धरून खाली यायच्या, पण हात मात्र कोणाला धरू द्यायच्या नाहीत.

"ही कोणाची पळवून आणलीस गं?" गाडी बघून त्या म्हणाल्या.

"वकिलाची."

"मग पकडली गेलीस तरी तोच सोडवेल." मावशी मागच्या सीटवर बसल्या आणि दोन्ही हातांनी सीट दाबून पाहू लागल्या. "अगंबाई. ही तर गिळते माणसाला."

जाताना दोघी गाडीचंच कौतुक करत होत्या. येताना मात्र मावशींत बोलायचं त्राण नव्हतं. नेहमीसारख्याच त्या डोळे मिटून मागे टेकल्या. ताईनं गाडी बाहेर काढली. ऊन कलतं होतं, रस्त्यावर गर्दी होती. पहिल्या सिग्नलला ती थांबली, तशी गाडीचं इंजिन आपोआप बंद पडलं. आणि गाडीत अशी शांतता पसरली, की ताईला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

मग आणखी एक आवाज आला. बारीक, दातांमागे दाबलेला. कण्हण्याचा.

ताईनं आरशात पाहिलं. मावशींचे डोळे मिटलेले होते, ओठ घट्ट आवळलेले होते, आणि आवाज त्यांच्याच घशातून येत होता.

"मावशी! काय होतंय? मागे वळवू का हॉस्पिटलला?"

"काही नाही गं. चल तू."

"अहो, कण्हताय तुम्ही."

"रोजच कण्हते," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "पायात गोळे येतात. तुझ्या त्या खटाऱ्यात ऐकू जात नव्हतं, एवढंच."

सिग्नल सुटला. ताईनं गाडी पुढे घेतली, पण तिला रस्ता धड दिसेना. इतकी वर्षं ही बाई तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर कण्हत होती, आणि ताईला वाटायचं, झोपल्यात बिचाऱ्या. इतरही सगळे असंच करत असतील. तिला आठवलं, एक मास्तर चढले की म्हणायचे, ताई, तुमच्या गाडीचा आवाज फार छान. ताईला वाटायचं, थट्टा करतायत.

पुढच्या सिग्नलला पुन्हा शांतता. या वेळी मावशी कण्हल्या नाहीत. ऐकू जातंय हे आता कळलं होतं ना त्यांना. त्यांनी साडीचा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

तिसऱ्या सिग्नलला त्याच बोलल्या. "तुझंही ऐकू आलं बरं मला आज."

"माझं काय?"

"उसासे. गाडी थांबली रे थांबली, की टाकतेस. असा लांब, पोटातून."

"छे! मी कुठे?"

"अगं, आमचं कामच ते होतं. दोन माणसांची लाइन जोडायची आणि आपण बाजूला व्हायचं. बोलणं ऐकायचं नाही असा नियम. पण श्वासाला कुठला आलाय नियम? नुसता 'हॅलो' म्हणण्याआधीचा श्वास ऐकला की कळायचं, हे माणूस थकलंय." मावशी थांबल्या, त्यांनाच दम लागला होता. "किती दिवस झाले तुला नीट झोपून?"

ताई हसली. मग तिला आठवून सांगावंसं वाटलं, आणि आठवेना. मग एकाएकी तिचे डोळे भरून आले. मागून कोणीतरी भोंगा वाजवला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

मावशींना घरी सोडून तिनं राखाडी गाडी एका बंद गोदामाच्या भिंतीला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तशीच बसून राहिली. रडली वगैरे नाही. नुसती बसली. नवऱ्याचा फोन आला. "कुठे आहेस? चारच्या पेशंटला मी हो म्हणून ठेवलंय. आणि अगं, गाडी कशी आहे? महालात बसल्यासारखं वाटलं असेल ना लोकांना?"

"येते," ताई म्हणाली.

बुधवारी निळी गाडी आली. हिचं दार रुंद होतं, सीट जरा बसकी. इंजिन सिग्नलला बंद व्हायचं ते हिचंही, पण एसीची हलकी घरघर मागे चालू राहायची, आणि इंजिन परत सुरू झालं की गाडी किंचित अंग झाडायची. हॉटेलच्या पाहुण्यांच्या बॅगांनी मागच्या सीटची शिवण एका जागी उसवलेली होती. मावशी येताना त्या उसवलेल्या जागी बोट घालून बसल्या. ताईनं त्या दिवशी आरशात पाहिलं नाही. मुद्दामच नाही पाहिलं.

दारात उतरवताना तिनं विचारलं, "मावशी, तुम्हीच सांगा आता. कुठली घेऊ?"

"राखाडी दिसायला देखणी आहे."

"हो, पण तुम्हाला?"

"मला निळी," मावशी म्हणाल्या. "हिच्यात माणसाला जरा कण्हता येतं." मग कठडा धरून पहिल्या पायरीवर चढता चढता मागे वळल्या. "तुझं मात्र हिच्यातही ऐकू येतं हं."

संध्याकाळी भाऊ घरी आला होता. ताईनं चपला काढल्या, पाण्याचा पेला भरला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "निळी घ्यायची."

भाऊ खूष होऊन टाळी द्यायला पुढे झाला. "बॅटरी! मी सांगत नव्हतो?"

"बॅटरीचं नाही रे," ताई म्हणाली, आणि पुढे काही समजावून सांगितलं नाही. तिला तेवढंही बोलायचा कंटाळा आला होता. नवऱ्यानं मान फिरवली. भाऊ निघून जाईपर्यंत तो वर्तमानपत्राची एकच बाजू वाचत होता.

दोघंच उरल्यावर ताई त्याच्यासमोर बसली. "आणि गुरुवारी मी गाडी काढणार नाही."

"कुठल्या गुरुवारी?"

"कुठल्याच."

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. "अगं, गुरुवारी चार पेशंट आहेत. लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, ती दमलीय."

"गाड्या बघून दमली असशील. दोन दिवसांत..."

"गाड्या बघून नाही." ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अहो, फोन वाजला की तुम्ही हो म्हणता. एकदा तरी 'तिला विचारतो' म्हणालात? माझी कंबर रात्री अंथरुणाला टेकत नाही. सकाळी उठले की पहिल्यांदा वाटतं, आज गाडी सुरूच होऊ नये."

नवरा चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं समोरचा फोन उचलला, उगाच पुसला आणि परत ठेवला.

"मला वाटायचं, तुला आवडतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "खरं सांगू का? फोन वाजला की मला वाटतं, मीही कामावर आहे. नाही म्हटलं की फोन बंद होईल. मग मी दिवसभर काय करू?"

ताई एवढंच म्हणाली, "ते तुम्ही बघा. मी गुरुवारी झोपणार."

निळी गाडी घरी आली. आठवड्याभरात तिची मागची खिडकी अडकली, भावानं येऊन दार उघडून बसवली आणि नवऱ्यानं 'राखाडी घेतली असती तर' हे वाक्य गिळलं, पण त्याच्या तोंडावर ते स्पष्ट वाचता येत होतं. गुरुवारच्या चार पेशंटांपैकी दोघांनी दिवस बदलून घेतला. एकाला त्याचा जावई नेऊ लागला. चौथा रागावला आणि दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेला तो गेलाच. ताईला त्याची रुखरुख बरेच दिवस लागून राहिली. मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्येही लाइन बिझी असायची. लोक पुन्हा लावायचे. कोणी मेलं नाही." मग पायात गोळा आला म्हणून त्या गप्प झाल्या.

पहिल्या गुरुवारी ताई नेहमीच्याच वेळेला जागी झाली. हातपाय काय करावं हे न कळल्यासारखे पडून होते. ती उठून कपाट आवरू लागली, आणि अर्ध्यावर सोडून दिलं. दुपारी आडवी झाली तेव्हा बाहेरच्या खोलीत फोन वाजला. ताईनं डोळे उघडले नाहीत, पण कान तिकडेच होते.

"नाही हो, आज नाही जमणार," नवरा म्हणत होता. असं बोलायची सवय नसल्यानं तो अडखळत होता. "नाही नाही, गाडी ठीक आहे. ताई झोपलीय. हो. शुक्रवारचं विचारतो तिला, मग कळवतो."

मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तो फोन घेऊन गॅलरीत गेला आणि जाताना त्यानं मधलं दार हळूच लोटून घेतलं. ताई कुशीवर वळली.