अंगठ्याआधी वाचून दाखवा

"हिला काही कळतं का हो?" संस्थेच्या मॅडमनी माझ्या दादाला विचारलं.

मी तिथंच होते. चाकाच्या खुर्चीत, त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल इतकी जवळ. दादा म्हणाला, "कळतं थोडंफार." थोडंफार! ह्याच्या पोरीला बाराखडी मी शिकवली.

मॅडमनी मान हलवली, शाईचा पॅड उघडला आणि माझा हात ओढला. हात म्हणजे मूठ. जन्मताना माझा श्वास कोंडला होता, तेव्हापासून हातपाय ताठ, मूठ वळलेली, जीभ जड. एक वाक्य बोलायला मला इतका वेळ लागतो की समोरच्याचं लक्ष उडतं. तेवढा वेळ कुणाकडंच नसतो. मग ठरतं, की मला कळत नाही.

आमचं घर विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला. दादा नसरापूरपर्यंत प्रवासी नेणारी वडापची जीप चालवतो. लहानपणापासून आईनंच मला उचललं, धुतलं, भरवलं. तिची कंबर गेली तेव्हा पुण्याची एक संस्था दारात आली. घरी मदतनीस पाठवणार, व्यायाम करून घेणार. दर वर्षी करारनामा करायचा. पहिल्या वर्षी मूठ उघडून अंगठा उमटवला, तेव्हा मला वाटलं, आई सुटली. कागदात काय आहे ते कुणी वाचलं नाही. दादा म्हणाला, "धर्माची गाय, तिचं दात कशाला मोजायचं?"

दात नंतर दिसले. पहिली मदतनीस बाई होती. ती नवऱ्याबरोबर दुसरीकडं राहायला गेली. तिच्या जागी संस्थेनं बाप्या पाठवला. मला आंघोळ घालायला. पाळीत माझे कपडे बदलायला.

मी ओरडले. जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. दादानं फोन लावला, तर मॅडम म्हणाल्या, "करारात स्पष्ट आहे, संस्था पाठवील तो कर्मचारी. आणि तो भावासारखाच आहे ना तिला." भावासारखा! माझ्या सख्ख्या भावानं मला कधी तसं पाहिलेलं नाही.

तो माणूस वाईट नव्हता. नजर भिंतीकडं ठेवायचा. "ताई, मला बी घर चालवायचंय," म्हणायचा. लाज त्याचीही जात होती. मी डोळे घट्ट मिटायचे. मी इथं नाहीच, असं स्वतःला सांगायचे. पण माणसानं असं रोज रोज नसायचं तरी कसं?

तक्रार केली. मोबाईलवर, डाव्या हाताचं एकच बोट जरा सुटं आहे त्यानं, आत्ता हे लिहितेय तसंच. उत्तर आलं, तक्रार कागदावर आणि स्वतःच्या सहीनं पाहिजे, करारात तसंच म्हटलंय. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी केलेला करार, आणि त्यात लिहिलेलं, स्वतःच्या हातानं सही करा. धन्य ती अक्कल.

म्हणून नव्या वर्षाचा कागद घेऊन मॅडम आल्या आणि हिला कळतं का असं विचारून माझी बोटं एकेक करून उलगडायला लागल्या, तेव्हा मी ती आवळली. जन्मभर जी मूठ आपोआप वळत आली, ती त्या दिवशी मी वळली. सगळा जीव तिच्यात घातला. मॅडम ओढताहेत, दादानं मनगट धरलंय, शाई माझ्या गाऊनभर झालेली.

आई धावत आली. "थांबा वो मॅडम, झटका आलाय तिला. आत्ता सुटंल."

झटका! ते ऐकून माझ्या अंगाची आग आग झाली. मी नाही म्हटलं तर तोसुद्धा माझा आजार. माझी आईसुद्धा तेच समजली. आता तोंडानं बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. लाळ गळू दे, तोंड वेडंवाकडं होऊ दे.

"न्हाई," मी म्हणाले. एकेक अक्षर ओढून काढत. "आधी वाचून दाखवा."

"तुझ्या दादाला माहितेय सगळं, बाळा."

मी तिशी ओलांडलेली बाई. बाळा!

"बाई पाठवा. तसं कागदात लिवा."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. दादाकडं बघून म्हणाल्या, "प्रत्येकाची आवडनिवड कुठं लिहीत बसणार आम्ही? मोफत सेवा आहे ही."

माझ्या उघड्या अंगाला कुणाचा हात लागावा, ही आवडनिवड.

दादा खजील झाला. "आणा हिकडं. म्या करतो सही, पालक म्हणून."

मी मूठ कागदावर आपटली. पॅड उडाला, कागद फाटला. मॅडमनी पर्स उचलली. "मग आम्हाला सेवा बंद करावी लागेल," म्हणाल्या आणि गेल्या.

मला वाटायचं, माणूस एकदा नाही म्हणाला की काहीतरी बदलतं. काहीही बदललं नाही. सेवा तेवढी बंद झाली. व्यायाम थांबला, गुडघे लाकडासारखे झाले. पानशेतला पुणेकरांच्या बंगल्यांवर कुत्री फिरवायलासुद्धा माणूस मिळतो. मला धुवायला गावात एक बाई मिळाली नाही. दुसरी संस्था इकडं फिरकत नाही. दादाची बायको शेतावर असते, म्हणून आईच परत मला उचलायला लागली.

परवा न्हाणीत दोघी पडलो. आई खाली, मी तिच्या अंगावर. दादाची बायको शेतावरून येईपर्यंत तशाच पडून. मला बाजूला होता येत नव्हतं, तिला श्वास घेता येत नव्हता. माझ्या ओझ्याखालून ती म्हणाली, "दे गं बाई अंगठा. माझ्याच्यानं आता व्हत न्हाई."

मी रडले. माझ्या नकाराचा भार माझी म्हातारी उचलतेय, हे मला रोज दिसतं. लोक सांगतात, आवाज उठवला की न्याय मिळतो. मला मिळाला नाही. मिळेल असंही वाटत नाही.

काल दादानं मॅडमना फोन केला. त्या यायला तयार आहेत. तोच करार, तोच माणूस, एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही. फोन ठेवून दादा म्हणाला, "आता तरी गप अंगठा दे."

त्याला जीप काढायची घाई होती. मी माझं बोलून होईपर्यंत त्याला दारात उभं केलं. कागद आधी मला वाचून दाखवायचा. बाईच येणार असं त्यात लिहायचं. तोवर माझा अंगठा नाही आणि पालक म्हणून तुझी सही नाही. मला पालक नको, मला कळतं.

"आन् आई मेली तर?" दादा ओरडला.

आई भिंतीला टेकून बसली होती. सगळं ऐकत होती. तिच्याकडं बघूनच मी म्हणाले, "तरी न्हाई."