नूरमहंमदचा कापूस

राहुरीच्या एका दवाखान्यात, तळमजल्याच्या खोलीत, नूरमहंमद पिंजारी अकरा वर्षं एकच काम करत होता. ऑपरेशनची नाजूक हत्यारं धुवायची, कोरडी करायची, जाळीच्या डब्यात निजवायची आणि डबा सीलबंद करून यंत्रात सरकवायचा. आत औषधाची वाफ सुटे, बंद डब्यात शिरे, जंतू मारे आणि मागमूस न ठेवता निघून जाई. यंत्राच्या गुणगुणीत त्याला बापाच्या पिंजणाची तार ऐकू यायची आणि घरभर कापूस तरंगू लागायचा. बसल्या बसल्या स्वारी भलत्याच मुलखात! "नूरभाऊ, उतरा आता खाली," विजयमाला सिस्टर चेष्टा करायच्या.

पण नव्या माणसाला तो हमखास बजावायचा, "डब्यात कापूस घालायचा न्हाई. लई तहानलेला असतो. समदी वाफ पिऊन टाकतो, जंतू तसेच ऱ्हात्यात."

त्या मंगळवारी डब्यात लहान मुलांच्या पोटात घालून बघायची दुर्बीण होती, दवाखान्यात एकुलती एक. वर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी उपाशी निजली होती त्याची नात, सहा वर्षांची आयत. यंत्र थांबलं. डब्यावरची, बाहेरची पट्टी जांभळ्याची पिवळी झाली होती, म्हणजे डबा पास. उचलताना मात्र त्याच्या बोटांना आठवलं. दुर्बिणीखाली या बोटांनीच कापसाची इवलीशी गादी घातली होती. नातीच्या पोटात जायची वस्तू कडक जाळीवर कशी निजवायची? काय म्हणावं या माणसाला! सात पिढ्यांच्या पिंजाऱ्याचे हात, आपोआप चालले.

आतलं कुणाला दिसणार नव्हतं. दुसऱ्या फेरीला तास लागणार होता आणि मंगळवारीच येणारे डॉक्टर तेवढ्यात पुढच्या गावी निघणार होते. लेकीचा, फरहीनचा फोन आला, "अब्बा, झालं का? पोरगी पाण्यासाठी रडतीय."

त्यानं फोन ठेवून डबा उचलला. तसाच तो सिस्टरांपुढे उभा राहिला.

"हा डबा वर न्हाई जायचा. आत कापूस हाय."

"कुणी घातला?"

"मीच."

ऑपरेशन आठवडाभर लांबलं. फरहीन दोन दिवस बापाशी बोलली नाही. आयतनं तेवढा बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त केला.

पुढच्या मंगळवारी त्यानं दुर्बीण नुसत्या जाळीवर ठेवली. बोटं वळवळत होती, त्यानं मूठ आवळली. यंत्र गुणगुणत राहिलं, पण त्या दिवशी त्यानं डोळे मिटले नाहीत.

आठवडाभर घरात त्या डब्याचंच बोलणं ऐकलेल्या आयतनं संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर विचारलं, "नाना, माझ्या डब्यात काय घातलं हुतं?"

"काय बी न्हाई, बेटा," तो म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. "काय बी न्हाई घातलं."