तबकडीची सुपारी

परळच्या सभेच्या दिवशी दुपारी लालबागच्या एका शाहिराला त्याचेच गाणे गाण्यास मनाई झाली. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. पण मनाई सरकारची नव्हती. ती ठाकूरद्वारच्या एका ग्रामोफोनच्या तबकड्या काढून विकणाऱ्या शेटची होती.

मी तेव्हा बातमीदार होतो. शाहिराला घेऊन गिरगावात आमच्या चाळीतल्या सरांकडे गेलो. सर लॉ कॉलेजात कॉपीराइट शिकवत. कायदा नवा होता आणि तो विषय दुसऱ्या कोणाला नको होता. त्यांच्या टेबलावर पुस्तकांशेजारी उघडलेला रेडिओ असे. "यंत्र कळल्याशिवाय हक्क कळत नाही," असे ते म्हणत. चाळीखालच्या वाण्याकडे कोणा भाडेकरूचा फोन आला की सर भोवती जमलेल्यांना हाकलत. "त्याचं बोलणं त्याला बोलू द्या. तुम्ही साखर घ्या आणि निघा!"

शाहीर मान खाली घालून बसला.

"सर, मी सुपारी घेतली हो. यंत्रासमोर गायलो. आता शेट म्हणतो, गाणं आमचं, सभेत गायचं नाय."

"गणपतीत सुपारी घेतोस, तेव्हा काय विकतोस?"

"एका रात्रीचा कार्यक्रम."

"मग इथेही तेवढंच. सही केलीस कुठे?"

"नाय."

"लेखी दिल्याशिवाय गाणं जात नाही. ते तुझंच आहे."

शाहीर हलेना. "कायदा तुमचा बरोबर असेल. पण मी शब्द दिलाय. शेटनेच मोकळं करायला हवं."

सरांनी चपला घातल्या. आम्ही तिघे दुकानात गेलो.

"शेटजी, तबकडी तुमची, खुशाल विका. गाणं लिहून घेतलं असेल तर दाखवा."

"लिहून कुठलं? पण प्रोफेसरसाहेब, फुकट ऐकायला मिळालं तर तबकडी कोण घेणार?"

"सभेत आवडलं तरच घरी नेतील ना?"

शेट हसले. "गा बाबा. पण स्टेजवर दुकानाचं नाव घे."

"ते नाय घेणार," शाहीर म्हणाला. तो प्रथमच ताठ उभा होता.

"मी घेतो," सर म्हणाले. "वर्गात. उदाहरण म्हणून."

संध्याकाळी शाहीर परळला गायला. लोकांनी गाणे पुन्हा म्हणायला लावले.

सर पुढे टेपरेकॉर्डरच्या कायद्याविषयी शिकवू लागले, मग चोरून ऐकल्या जाणाऱ्या टेलिफोनच्या, आणि निवृत्तीआधी संगणकाच्या. वर्ग दर वेळी लहानच असे.

ते वारले त्या दिवशी शाहीर लालबागहून आला. चाळीच्या चौकात उभा राहून ते गाणे त्याने पूर्ण म्हटले. कोणाची परवानगी घेतली नाही.